मालवणहून आणलेला रेग्युलेटर धुताना

तारकर्ली-मालवणला स्कूबा डाइव्ह करून नागपूर गाठायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. तेवढ्यात रेग्युलेटरवरचं, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडाशी आणणाऱ्या यंत्रावरचं, मीठ वाळून त्याचे खडे होतात, मग नुसतं नळाखाली धरून भागत नाही. म्हणून पहिलं धुणं तिथेच, सिलिंडर जोडलेला आणि उघडा असताना उरकावं. आत हवेचा दाब असतो, पाणी शिरत नाही.

घरी आल्यावर भिजवण. आधी डस्ट कॅप, म्हणजे हवा आत घेणाऱ्या तोंडावरचं (इनलेटचं) झाकण, आतून खडखडीत कोरडी पुसा आणि फर्स्ट स्टेजवर (सिलिंडरला जोडतो तो भाग) घट्ट बसवा. कॅपच्या खोबणीत राहिलेला थेंब थेट इनलेटच्या फिल्टरवर जातो. बादलीत कोमट पाणी घ्या, हाताला सोसेल इतपतच, आणि अर्धा-एक तास राहू द्या. बोअरचं पाणी जड असेल तर ते टाळा. मीठ काढायला जाल आणि क्षाराचा पांढरा थर चढवून बसाल. महापालिकेच्या नळाचं बरं.

बहुतेकांची चूक इथे होते: रेग्युलेटर बादलीत असताना पर्ज बटण (हाताने हवा सोडायचं) दाबून बघतात. दाब नसताना बटण दाबलं की सेकंड स्टेजचा (तोंडात धरायच्या भागाचा) व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी होजमधून फर्स्ट स्टेजपर्यंत पोचतं. अ‍ॅडजस्टमेंट नॉब (श्वास ओढायला लागणारा जोर कमीजास्त करणारा) असेल तर भिजवताना पूर्ण आत फिरवा, ठेवताना बाहेर. नाहीतर व्हॉल्व्हच्या सीटवर कायमचा वळ पडतो.

मग वाहतं पाणी: माउथपीसमधून, एग्झॉस्टमधून, फर्स्ट स्टेजच्या भोकांतून. होज प्रोटेक्टर मागे सरकवा, मीठ त्याखालीच दडतं. इन्फ्लेटर होजची (जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या नळीची) कॉलर पाण्यात मागेपुढे करा.

वाळवण सावलीत. मे महिन्यात गच्चीवर किंवा गाडीच्या डिकीत ठेवलात तर रबर आणि होज लवकर कडक होतात. कूलरच्या मोटारीशेजारीही नको, ओझोनने रबराला चिरा जातात. होज मोठ्या वेटोळ्यात ठेवा, टोकाशी मुडपू नका. चमक यावी म्हणून तेल किंवा स्प्रे मारण्याची हौस आवरा.

वाळल्यावर डस्ट कॅप लावलेली ठेवून माउथपीसमधून हळूच श्वास ओढा. हवा येता कामा नये. आली, तर डायफ्रॅम (सेकंड स्टेजमधला रबरी पडदा) फाटलाय किंवा एग्झॉस्ट व्हॉल्व्हखाली वाळूचा कण अडकलाय. पुन्हा धुऊन बघा.

सर्व्हिसिंग कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे, बहुधा वर्षाने किंवा 100 डाइव्हनंतर. पण इनलेटचा फिल्टर हिरवट दिसला तर वाट पाहू नका. खारं पाणी आत गेलंय, श्वास कितीही मोकळा येत असला तरी.