दूरच्या सर्व्हरवरचं फोल्डर बदललं का, हे सांगणारा प्रोग्रॅम

समजा, गणेशोत्सवाच्या जुन्या स्मरणिकांचं स्कॅनिंग बडोद्याच्या दांडिया बाजारात चाललंय, फायली चढतात परगावच्या सर्व्हरवर आणि त्यांची सूची करणारी मंडळी रावपुऱ्यात. प्रत्येक नव्या फाईलसाठी फोन करत बसण्यापेक्षा फोल्डरवर नजर ठेवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिलेला बरा. पायथॉन थोडंफार येत असलं तरी पुरे.

आधी फोल्डरचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडा. फाईलनावं, तारखा आणि आकार अशी साधी यादी दिसली तर काम सोपं आहे. अपाची किंवा एन्जिनएक्स हा वेब-सर्व्हर प्रोग्रॅम ती आपणहून बनवतो. यादी बंद असेल तर सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे आरसिंकची (फोल्डर जुळवून फायली आणणाऱ्या प्रोग्रॅमची) परवानगी मागा.

आता ते पान पायथॉनच्या यूआरएललिबने आणून त्यातल्या लिंका वेगळ्या काढा. पानावर दिसणारं नाव घेऊ नका, लिंकमधला पत्ता घ्या, कारण लांब नावं दाखवताना दोन्ही सर्व्हर ती मध्येच तोडतात. प्रश्नचिन्हाने सुरू होणाऱ्या लिंका यादीचा क्रम बदलण्यासाठी असतात, त्या सोडा. वरच्या फोल्डरची लिंकही सोडा, नाहीतर प्रोग्रॅम उलटा चढत जाईल. शेवटी तिरकी रेघ असेल तर ते उपफोल्डर, त्यात उतरा.

आपली फाईलनावं मराठी असतात, तिथे जरा जास्त काळजी घ्या. लिंकमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह टक्केवारीच्या खुणांसह नऊ अक्षरांचं होतं. 'ब' तिथे '%ई०%ए४%एसी' असा, पण रोमन लिपीत दिसतो. ते यूआरएललिबमधल्याच 'अनक्वोट'ने उलगडा. शिवाय 'शेतकऱ्यांची' मधला 'ऱ' दोन प्रकारे साठवलेला असू शकतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा 'र' आणि त्याखाली नुक्ता (टिंब) म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. तुलनेपुरती सगळी नावं युनिकोडच्या एनएफसी रूपात (असे तुकडे जोडून एकच चिन्ह करणाऱ्या) आणा. फाईल मागवताना मात्र मूळ लिंकच वापरा.

बदल ओळखायला यादीतल्या आकारावर विसंबू नका. अपाची तो '१.२ एम' असा ढोबळ दाखवतो. एका पानाची दुरुस्ती त्यात लपून जाते. प्रत्येक फाईलसाठी 'हेड' विनंती पाठवा. फाईल न उतरवता बहुधा नेमका आकार, शेवटच्या बदलाची वेळ आणि ईटॅग (सर्व्हरने फाईलच्या त्या आवृत्तीला दिलेली खूण) मिळतात. ही वेळ ग्रिनिचची असते: बडोद्यात पहाटे ३ वाजता चढवलेल्या फाईलवर आदल्या दिवशीचे रात्रीचे ९:३० दिसतील. या तिन्हींपैकी काही बदललं तरच फाईल उतरवून तिचा एसएचए-२५६ (मजकुरावरून निघणारा ठसा) काढा. तोही वेगळा आला, तर मजकूर खरोखर बदललाय.

सगळी माहिती जेसॉन फाईलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी जुनी आणि नवी यादी दोन 'सेट' म्हणून वजा केली, की नवीन काय आलं आणि काय गेलं ते कळतं.

माझ्या मते खरी कसोटी पुढे आहे. सर्व्हर मिनिटभर बंद पडला, तर रिकाम्या यादीवरून प्रोग्रॅम 'सगळ्या फायली गेल्या' असं कळवेल आणि सूची करणाऱ्यांची धांदल उडेल. म्हणून उत्तर २०० ('सगळं ठीक') नसेल किंवा एक जरी उपफोल्डर वाचायचं राहिलं असेल, तर ती फेरी अपुरी धरा आणि जुनी नोंद तशीच ठेवा. फाईल गायब दिसली तरी लागोपाठ दोन पूर्ण फेऱ्यांत दिसेनाशी झाल्यावरच कळवा. नवी नोंद आधी तात्पुरत्या फाईलमध्ये लिहा, मग 'ओएस रिप्लेस'ने जुनीच्या जागी बसवा. मध्येच प्रोग्रॅम बंद पडला तरी अर्धवट जेसॉन उरत नाही.

शेवटी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीत) तासाला एक फेरी लावा. स्मरणिकांना तेवढी पुष्कळ. दोन विनंत्यांमध्ये सेकंदभर थांबा, ४२९ ('फार विनंत्या झाल्या') असं उत्तर आलं तर त्यासोबतच्या 'रिट्राय-आफ्टर'मध्ये सांगितलेला वेळ जाऊ द्या. यूजर-एजंटमध्ये, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या प्रोग्रॅमच्या ओळखीत, आपला ईमेल जरूर घाला, म्हणजे काही अडचण आली तर सर्व्हर सांभाळणारा थेट तुम्हालाच लिहू शकेल.