मुलं परदेशात काय खाणार? या चुका टाळा

मे महिन्यात सिंगापूर, थायलंड किंवा व्हिएतनामची तिकिटं काढली की आपल्याकडे पहिली बॅग भरते ती खाण्याची. खाकरे, दशम्या, मेतकूट, झटपट पोह्यांची पाकिटं. आमच्या दादरच्या घरीही तेच. धाकटी सहा वर्षांची, मोठा दहाचा. उपाशी राहतील ही धास्ती. पहिल्या सहलीत ती बॅग पाचही दिवस पुरली आणि मुलं सिंगापूरचा एकही पदार्थ न चाखता घरी आली. त्याची हळहळ मला अजून वाटते. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आधीच्या एकेका चुकीवर विचार करून गेलो.

सोबतच्या खाऊवरच जेवण उरकणं

बॅग नेऊच नका, असं मी म्हणणार नाही. विमानाला उशीर झाला, मध्यरात्री भूक लागली, तर दशमीसारखा आधार नाही. पण जेवणाच्या वेळी ती बाहेर काढली की मूल दुसऱ्या ताटाकडे बघतही नाही. सगळी जेवणं भारतीय असलेलं पॅकेज घेतलं तरी तेच होतं. बुकिंग करतानाच निदान दुपारची जेवणं मोकळी ठेवायला सांगा. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणार असाल तर सोबतचे खाद्यपदार्थ उतरताना जाहीर करावे लागतात. बॅगेत विसरलेल्या एका सफरचंदासाठीही दंड होऊ शकतो.

पहिल्याच संध्याकाळी नवी चव

मुंबईहून सिंगापूर साधारण साडेपाच तास, आणि तिथलं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. रात्रीच्या विमानाने पोहोचलो आणि त्याच संध्याकाळी मुलांना गर्दीच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या स्टॉल्समध्ये नेलं. धाकटी टेबलावर डोकं टेकून रडायला लागली, समोरचे नूडल्स गार झाले. दमलेलं मूल वरणभातालाही नाही म्हणतं, हे मला कळायला हवं होतं.

नवं काही द्यायचं तर सकाळी, झोप झाल्यावर, भूक असताना. व्हिएतनाममध्ये 'फो' हे गरम नूडल सूप सकाळीच खातात. सिंगापूरला काया टोस्ट असतो, म्हणजे नारळाचं दूध, अंडी, साखर आणि पंडन या सुगंधी पानांचा घट्ट जॅम लावलेला पाव. त्यासोबत मिळणारी अर्धकच्ची अंडी लहान मुलांना मात्र देऊ नका.

ओळखीचा धागा न शोधणं

सगळ्यात मोठी चूक हीच, असं माझं मत आहे. दुसऱ्या सहलीत सिंगापूरच्या एका गाड्यापाशी धाकटी थबकली. बाई छोट्या साच्यात तांदळाचं पीठ भुरभुरवत होत्या, मध्ये काळसर गूळ, वर पुन्हा पीठ, मग फडकं टाकून वाफेवर. दोन-तीन मिनिटांत पंडनच्या पानावर वाफाळती चकती आली, सोबत ओलं खोबरं. एक घास घेतला, गूळ हनुवटीवर ओघळला, आणि ती ओरडली, "आई, हा चपटा मोदक आहे!" पदार्थाचं नाव पुतु पिरिंग, गूळ तिथला माडाचा, गुला मलाका. त्या दिवशी तिने तीन खाल्ले.

मग आम्ही असेच सोयरे शोधत गेलो. तिथलंच पुतु मायम म्हणजे मालवणकडचे शिरवाळेच. थायलंडचं खानोम क्रोक आप्पेपात्रासारख्या खळग्यांत होतं, नारळाच्या दुधाचं. व्हिएतनामचं बान्ह सेओ तांदळाचं पीठ, हळद आणि नारळाचं दूध घालून केलेलं कुरकुरीत घावन. आत कोळंबी आणि बहुधा डुकराचं मांस असतं, तेवढं आधी विचारा. निघण्यापूर्वी घरी एकदा शिरवाळे किंवा आप्पे करा आणि मुलांना सांगा, तिकडे यांची भावंडं भेटणार आहेत.

'व्हेज आहे ना?' एवढंच विचारणं

थायलंड-व्हिएतनाममध्ये भाजीतही माशाचा सॉस पडतो. मलेशियाच्या सांबल या मिरचीच्या चटणीत बहुधा वाटलेली कोळंबी असते, जपानच्या साध्या दिसणाऱ्या सुपाचं पाणी बहुतेकदा सुक्या माशाचं असतं. हैनानी चिकन राइसमधला नुसता भातही कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. शाकाहारी घरांनी व्हिएतनाममध्ये 'चाय' आणि थायलंडमध्ये 'जे' हे शब्द लक्षात ठेवावेत. 'जे'ची पाटी पिवळ्यावर लाल अक्षरांची असते. मुलाला शेंगदाण्याची किंवा कोळंबीची अ‍ॅलर्जी असेल तर तिथल्या भाषेत लिहिलेला कागद खिशात हवाच. नुसतं तोंडी सांगण्यावर विसंबू नका.

एकेकाला अख्खी प्लेट

चौघांत एक प्लेट घ्या. चावून नको वाटलं तर कागदी रुमालात काढायची मुभा द्या, आणि आपण स्वतः नाक मुरडू नका. नवा पदार्थ आवडायला मुलांना आठ-दहा वेळा चाखावा लागतो, कधी त्याहूनही जास्त. पाच दिवसांच्या सहलीत 'चाखलं' एवढं पुरे. सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. तिथे टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरतात आणि खाऊन झालं की ट्रे आपणच परत ठेवायचा असतो. ही दोन कामं मुलांकडे द्या. आमची तेवढ्यासाठी जेवायला यायची.

तरीही काही बिघडलं तर

दोन दिवस मूल काहीच खात नसेल तर साधा भात, केळं, उकडलेलं अंडं, दही यावर राहू द्या. पाणी पोटात जातंय ना, तेवढं पाहा. डोळ्यांसमोर शिजलेलं गरम खाणं घ्या, कापून ठेवलेली फळं आणि गाड्यावरचा बर्फ टाळा. ओआरएसची पाकिटं मुंबईहूनच न्या आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवा. एक लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवणं धोक्याचं आहे. शौचात रक्त, जोराचा ताप, उलट्या थांबत नाहीत, सहा-आठ तास लघवी नाही, यातलं काहीही दिसलं तर हॉटेलच्या रिसेप्शनला लगेच डॉक्टर विचारा. प्रवास विम्याच्या कागदाचा फोटो त्या वेळी आई-बाबा दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.