या चुका टाळा: रायबोसोमच्या प्रथिनांचा लगाम शोधताना

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नवी मुंबईतल्या आमच्या लॅबला येणारी नवी मुलं दरवर्षी एकच समजूत घेऊन येतात: नियंत्रणाची जागा ऑपेरॉनच्या, म्हणजे एकाच एमआरएनएवर (जीनच्या कामाच्या नकलेवर) उतरणाऱ्या जीनच्या रांगेच्या, तोंडाशीच असणार. रायबोसोम हे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र; त्याची काही प्रथिनं जास्त झाली की स्वतःचंच उत्पादन रोखतात, त्या लगामाबद्दल हे आहे.

मागे एका मुलीने ई. कोलाय या जिवाणूच्या एसपीसी ऑपेरॉनचा (रायबोसोमच्या प्रथिनांच्या जीनच्या एका रांगेचा) सुरुवातीचा तुकडा लॅकझेडला, म्हणजे कॉलनी निळी करणाऱ्या जीनला, जोडला. त्याच रांगेतलं एस८ प्रथिन वाढवलं की कॉलनींचा निळा रंग फिका पडायला हवा. सहा आठवडे ती एक्स-गलच्या (लॅकझेड चालू असेल तर निळा होणाऱ्या पदार्थाच्या) प्लेट उजेडात धरून म्हणायची, "सर, आजही गडदच." इंड्युसर (जीन चालू करणारा पदार्थ) बदलला, प्लाझमिड (तुकडा वाहणारं डीएनएचं वर्तुळ) बदललं. शेवटी मी तिला जीनचा क्रम पेन्सिलीने काढायला बसवलं. एल१४, एल२४, एल५... एस८ एमआरएनएला धरतं ते तिसऱ्या जीनच्या, एल५च्या, सुरुवातीपाशी! तिच्या तुकड्यात ती जागाच नव्हती. तिथे लगाम बसला की मागच्या एल१४ आणि एल२४ यांनाही झळ पोहोचते, कारण एमआरएनए तिथून उलटा कुरतडला जातो. एल५कडचा तुकडा घेतल्यावर कॉलनी फिक्या पडल्या. सहा आठवड्यांचं काम दहा मिनिटांच्या पेन्सिलीने वाचलं असतं. पण घाई असली की कागद कोणाला नको असतो.

आरआरएनएला, म्हणजे रायबोसोमच्या स्वतःच्या आरएनएला, विसरू नका. एमआरएनएवरची ती जागा १६एस आरआरएनएवरच्या एस८च्या जागेसारखीच घडी घालते. प्रथिन आधी आरआरएनएवर बसतं. उरलं तरच स्वतःच्या एमआरएनएकडे वळतं. संशोधक मासायासू नोमुरा यांच्या गटाने हे साम्य १९८० सालीच दाखवलं होतं. म्हणून आरआरएनए किती बनतोय ते न पाहता लावलेला अर्थ मला पटत नाही.

याला रायबोस्विच, म्हणजे घडी बदलून जीन चालू-बंद करणारा एमआरएनएचा भाग, म्हणू नका. तिथे लहान रेणू बसतो, इथे प्रथिन.

आरएनएची घडी वर्तवणाऱ्या आरएनएफोल्ड या प्रोग्रॅमचं चित्र थेट प्रबंधात चिकटवू नका. त्यात स्यूडोनॉट (घडीचा फास बाहेरच्या भागाशी जुळून पडणारी गाठ) येत नाही, आणि एस४, एस१५ यांच्या जागा नेमक्या स्यूडोनॉटच्याच आहेत.

ई. कोलायचा नियम बॅसिलस या दुसऱ्या जिवाणूला लावू नका. एल२० ई. कोलायमध्ये ट्रान्स्लेशन (एमआरएनएवरून प्रथिन बनणं) अडवतं, बॅसिलस सबटिलिसमध्ये ट्रान्स्क्रिप्शन (डीएनएवरून आरएनए बनणं) अर्ध्यात तोडतं.

आणि नुसतं एक म्युटेशन करून थांबू नका. मी हेअरपिनची (आरएनए दुमडून जुळलेल्या घडीची) एक बाजू बदलतो, लगाम सुटतो का पाहतो. मग समोरची बाजू तिला जुळेल अशी बदलतो, तो परत येतो का पाहतो. दोन्ही निकाल टेबलावर आल्याशिवाय "रचनेमुळे" हा शब्द मी कोणाला लिहू देत नाही.