नव्या गाडीच्या चाकांची थरथर : कारण कसे शोधावे आणि दुरुस्ती कशी करून घ्यावी

नवी गाडी घरी आल्यावर पहिले काही दिवस ती कर्वे रस्ता, सिंहगड रस्ता, फार तर हिंजवडीपर्यंत फिरते, आणि पुण्यातल्या रहदारीच्या वेगात चाकांचा दोष सहसा कळतच नाही. गाडी पहिल्यांदा मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला किंवा सातारा रस्त्याला लागून काटा ऐंशी-नव्वदच्या पुढे सरकला की स्टिअरिंगला बारीक थरथर येऊ लागते. ही तक्रार घेऊन गेलेल्या ग्राहकाला अनेकदा ठरलेले उत्तर मिळते : "नवीन गाडी आहे साहेब, हजारभर किलोमीटर चालवा, सेट होईल." इंजिन आणि ब्रेक पॅड यांच्याबाबतीत या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, चाकाच्या असमतोलाबाबत मात्र अजिबात नाही. चाकाची एक बाजू जड असेल तर ती हजार किलोमीटरनंतरही जडच राहते, आणि मधल्या काळात टायर वेडावाकडा झिजतो तो वेगळाच.

शहरात न जाणवणारा दोष महामार्गावर का उसळतो, हे थोड्या गणिताने स्पष्ट होते. १९५/५५ आर१६ मापाचा टायर एका फेरीत साधारण १.९५ मीटर अंतर कापतो, म्हणजे ताशी १०० किलोमीटर वेगाला तो सेकंदाला चौदा फेऱ्या घेतो. रिमच्या कडेला एका बाजूला ३० ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला ते चाकाला सुमारे पाच किलोच्या भाराइतक्या जोराने बाहेर ओढते, आणि तेही सेकंदाला चौदा वेळा. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे ताशी ५० ला तो जेमतेम सव्वा किलो उरतो आणि सस्पेन्शन तो सहज पचवते. थरथर पुष्कळदा ८५ ते ११० च्या पट्ट्यात सर्वांत जास्त असून त्याच्या वर थोडी कमी होते, कारण त्या पट्ट्यात चाकाच्या फेऱ्यांची लय सस्पेन्शनच्या स्वतःच्या लयीशी जुळते. तेव्हा "वेग वाढवला की जाते" हे दोष नसल्याचे लक्षण मानू नये.

वर्कशॉपला जाण्याआधी थरथर नेमकी केव्हा आणि कुठे जाणवते, हे मालकाने स्वतः टिपून ठेवावे. माझ्या मते निम्मे काम इथेच होते, कारण "गाडी हलते" एवढ्याच तक्रारीवर जॉब कार्डवरही (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीच्या कागदावरही) तेवढेच लिहिले जाते आणि गाडी धुऊन परत मिळते. सकाळी लवकर एक्स्प्रेसवेने किवळ्याहून उर्से टोलनाक्याच्या दिशेने जावे. घाट लागण्यापूर्वीचा हा टप्पा चाचणीला सोयीचा आहे. मोटारींसाठी असलेली ताशी १०० ची मर्यादा ओलांडण्याची गरज नाही. नोंदी शेजारी बसलेल्याने कराव्यात, चालवणाऱ्याने नव्हे. एक्स्प्रेसवेचा पृष्ठभाग बहुतांश काँक्रीटचा असल्यामुळे जोडांवरून जाताना टक्-टक् असा ठेका येतो आणि खाचांमुळे घरघर ऐकू येते, आणि अनेक जण या आवाजालाच चाकाचा दोष समजतात. म्हणून तीच चाचणी देहूरोड-कात्रज बायपासच्या डांबरी भागावर पुन्हा करावी. रस्ता बदलल्यावर जी थरथर जाते ती रस्त्याची होती. जी त्याच वेगाला पुन्हा हजर होते ती गाडीची.

स्टिअरिंग हातात थरथरत असेल तर संशय पुढच्या चाकांवर जातो. स्टिअरिंग शांत असून सीट आणि पायाखालची फरशी गुणगुणत असेल तर मागच्या चाकांवर. केवळ ब्रेक दाबल्यावरच हादरे येत असतील तर टायर सोडून ब्रेक डिस्क तपासायला सांगावे, कारण डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नसली की असे होते. जोरात ब्रेक लावताना एबीएसमुळे (चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेमुळे) पेडलला जो धडधडाट जाणवतो तो मात्र दोष नव्हे. केवळ ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी थरथरत असेल आणि पाय काढताच थांबत असेल, तर ड्राइव्हशाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याचा, आतला सांधा पाहावा लागतो. इंजिनाचा वाटा वेगळा काढायला सोपी युक्ती आहे : तोच वेग राखून एक गिअर खाली घ्यावा. इंजिनाचे फेरे वाढूनही थरथर जशीच्या तशी राहिली, तर दोष चाकांच्या बाजूला आहे. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पाहण्याचा सल्ला काही जण देतात. तो घाटात तर मुळीच मानू नये.

आता हवेबद्दल. नव्या गाडीत ही गोष्ट सर्वांत आधी पाहावी, कारण कारखान्यातून निघालेल्या गाड्यांच्या टायरमध्ये वाहतुकीसाठी आणि यार्डात उभ्या राहण्यासाठी मुद्दाम जास्त हवा ठेवलेली असते. ग्राहकाला गाडी देण्यापूर्वीच्या तपासणीत ती योग्य आकड्यावर आणायची असते, आणि घाईच्या दिवसांत, विशेषतः दसरा-पाडव्याला, हे राहून जाऊ शकते. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर छापलेला असतो. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. गाडी निदान तीन तास उभी राहून टायर थंड झाल्यावरच हवा मोजावी. नायट्रोजन भरल्याने थरथर जात नाही. त्यासाठी पैसे घालवू नयेत.

हवा बरोबर करूनही थरथर राहिली, तर टायर किती जुने आहेत ते पाहावे. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, लंबगोलात चार आकडे असतात : पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा ३५ वा आठवडा. एका बाजूला हा अंक दिसला नाही तर तो आतल्या बाजूला असतो, टॉर्च घेऊन खाली वाकावे लागते. आरसी पुस्तकातील निर्मितीचा महिना याच्याशी ताडून पाहावा. गाडी बरेच महिने यार्डात एकाच जागी उभी राहिली असेल, तर टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीतही, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, हा चपटेपणा सकाळी जाणवतो आणि पंधरा-वीस किलोमीटर चालवून टायर तापल्यावर निघून जातो. त्याची काळजी करू नये. टायर चांगले तापल्यावरही हादरे कायम राहत असतील, तर चपटेपणा पक्का झाला आहे आणि तो बॅलन्सिंगने, म्हणजे रिमला छोटी वजने लावून चाकाचा समतोल साधण्याने, सुटणार नाही.

यापुढचे काम यंत्रावरचे. पुण्यात कुठल्याही टायरच्या दुकानात 'अलाइनमेंट-बॅलन्सिंग' हा जोडशब्द एका दमात उच्चारला जातो, त्यामुळे दोन्ही एकच समजण्याची चूक सहज होते. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडली की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर कडेने झिजतो. गाडी थरथरते ती बॅलन्सिंग बिघडल्यामुळे. नुसत्या थरथरीसाठी आधी बॅलन्सिंगच मागावे, आणि शक्य असल्यास यंत्राजवळ उभे राहून ते पाहावे. रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसलेला असेल तर तो आधी खरवडून काढायला हवा. पावसाळ्यात मावळात किंवा मुळशीकडे एक फेरी झाली की आत शे-दीडशे ग्रॅम माती सहज चिकटते, आणि ती तशीच ठेवून केलेले बॅलन्सिंग माती गळून पडेपर्यंतच टिकते. जुनी वजने काढलेली असावीत. चाक यंत्राच्या दांड्यावर मधल्या छिद्राला बसणाऱ्या शंकूने नीट मध्यावर धरलेले असावे. यंत्र आतल्या आणि बाहेरच्या कडेसाठी वेगवेगळे आकडे दाखवते. त्याप्रमाणे लोखंडी रिमला क्लिपची आणि अलॉयला चिकटणारी वजने लावल्यावर कारागिराने चाक पुन्हा फिरवून दोन्हीकडे शून्य आल्याचे दाखवावे. ही दुसरी फेरी टाळली जाते. ती आग्रहाने करून घ्यावी. एकाच चाकाला साठ-सत्तर ग्रॅमच्या वर वजन लागत असेल, तर वजनांची रांग लावण्यापेक्षा टायर रिमवरून सोडवून अर्धी फेरी वळवून बसवणे शहाणपणाचे. काही नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो. तो टायरची हलकी बाजू दाखवतो आणि व्हॉल्व्हच्या जवळ यावा लागतो.

चाक परत बसवताना नट चांदणीच्या क्रमाने, म्हणजे शेजारचा सोडून पलीकडचा, असे आवळावेत. हवेच्या बंदुकीने एकामागून एक कचकचून आवळलेले नट डिस्कला तिरके दाबतात, आणि मग नवाच हादरा सुरू होतो. शेवटचा पीळ पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे टॉर्क पान्यानेच द्यावा आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर तो एकदा तपासून घ्यावा.

बॅलन्सिंग चोख होऊनही थरथर गेली नाही, तर पुढची आणि मागची चाके अदलाबदल करून तोच रस्ता त्याच वेगाने पुन्हा धरावा. ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो ते त्याच बाजूला ठेवावेत, फक्त पुढचे मागे करावेत. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली, तर दोषी चाक सापडल्यासारखेच आहे. ती जागची हलली नाही, तर चाके निर्दोष असून हब, बेअरिंग किंवा ड्राइव्हशाफ्ट तपासायला हवेत. बारीक मापाची स्टेपनी या चाचणीसाठी वापरू नये. तिच्यावर सहसा ८० चीच मर्यादा लिहिलेली असते.

सापडलेल्या चाकात दोष रिमचा की टायरचा, हे डायल गेजने कळते. चाक हळूहळू फिरवत रिमच्या कडेला गेजची सुई टेकवली की वाकडेपणा मिलिमीटरच्या अंशात दिसतो, आणि किती चालतो हे कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असते. रिम सरळ असेल तर टायरच्या घडणीत दोष असू शकतो : त्याची ताठरता सगळीकडे सारखी नसली की तो साध्या यंत्रावर शून्य दाखवतो आणि भाराखाली मात्र उसळतो. यासाठी चाकावर रोलर दाबून मोजणारे रोड-फोर्स यंत्र लागते; ते प्रत्येक दुकानात नसते, म्हणून फोनवर विचारूनच जावे. टायरच्या बाजूवरून तळहात फिरवताना फुगवटा लागला, तर पुढची कोणतीही चाचणी करू नये आणि त्या टायरवर महामार्गाला जाऊ नये. खड्ड्यात आपटल्याने आतले धागे तुटतात, आणि नवी गाडीही या शहरात पहिल्याच आठवड्यात खड्ड्यात आपटू शकते.

वॉरंटीच्या बाबतीत एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. गाडीच्या वॉरंटीतून टायर बहुधा वगळलेले असतात. त्यांची हमी टायर कंपनी स्वतंत्रपणे देते, आणि दावा तिच्या विक्रेत्यामार्फत तपासला जातो. घडणीतील दोष त्यात बसतो, खड्ड्याने झालेली इजा बसत नाही. यामुळे शोरूम टायरवाल्याकडे आणि टायरवाला शोरूमकडे बोट दाखवतो. यावर उपाय कागदाचाच. प्रत्येक भेटीत जॉब कार्डवर वेग, जागा आणि परिस्थिती लिहून घ्यावी, उदाहरणार्थ "९० ते १०५ दरम्यान स्टिअरिंग थरथरते, ब्रेक न लावता, डांबरी रस्त्यावर". सर्व्हिस ॲडव्हायझरला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर टेस्ट ड्राइव्ह करावी आणि तिची नोंद त्याच कार्डावर मागावी. बॅलन्सिंग यंत्राच्या पडद्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो काढून ठेवावेत.

तीन-चार भेटींनंतरही दोष कायम राहिला, तर कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेलने सविस्तर लिहावे, आणि दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगाकडे जाता येते, त्यामुळे गाडी दुसऱ्या शहरात घेतलेली असली तरी पुण्यात राहणाऱ्याला पुण्यातच तक्रार दाखल करता येते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. वस्तूतील दोष प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा अधिकार आयोगाला आहे. म्हणून टायर बदलून घेतला तरी काढलेला टायर, त्यावरील तारखेच्या आकड्यांसह, प्रकरण मिटेपर्यंत दुकानदाराच्या हवाली करू नये.