जुनी रेंजफाइंडर लेन्स मिररलेसवर लावायची असेल तर आधी अडॅप्टर बघा

रेंजफाइंडर म्हणजे वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायचे जुने फिल्म कॅमेरे; त्यांची लेन्स मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर, बसवायला मधे जी कडी लागते ती अडॅप्टर. बरेच जण विचारतात, भाऊ जुनी लेन्स कोणती घेऊ, आणि मी दरवेळी आधी अडॅप्टरचंच बोलतो, काऊन की चांगली लेन्स खराब अडॅप्टरवर लावली की लेन्सच बेकार वाटते आणि माणूस महिनाभरात विकून मोकळा होतो. माझंही तेच होणार होतं. नागपूरच्या फुटाळा तलावावर संध्याकाळी पलीकडच्या काठाचे दिवे घेत होतो, फोकसची रिंग पार शेवटपर्यंत फिरवलेली, तरी दिवे सुपारीएवढे फुगलेलेच. दोन आठवडे मी लेन्सला दोष देत बसलो. शेवटी दुसऱ्याचा अडॅप्टर लावून पाहिला तर दिवे टाचणीच्या टोकासारखे आले.

झालं काय होतं, ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. लेन्सच्या बैठकीपासून, म्हणजे माउंटपासून, सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. १९५४ मध्ये लायका एम३ या रेंजफाइंडर कॅमेऱ्यासोबत जो एम माउंट आला त्याचं हे अंतर २७.८ मिमी. मिररलेसच्या माउंटमध्ये सोनी ई चं १८, निकॉन झेड चं १६, कॅनन आरएफ आणि एल माउंटचं २०. मधली जागा अडॅप्टर भरतो, म्हणजे सोनीसाठी तो बरोबर ९.८ मिमी जाड पाहिजे, निकॉनसाठी ११.८. आणि हे "बरोबर" म्हणजे खरंच बरोबर. अडॅप्टर ०.१ मिमी जरी जास्त जाड निघाला तरी ५० मिमी फोकल लेंथची लेन्स जास्तीत जास्त २५ मीटरपर्यंतच फोकस करते, त्यापुढचं सगळं धूसर. ३५ मिमीची तर १२ मीटरवरच थांबते. (जुन्या डीएसएलआरवर या लेन्स का चालत नव्हत्या त्याचं उत्तरही इथंच आहे, निकॉनच्या डीएसएलआरच्या एफ माउंटचं हे अंतर ४६.५ मिमी, तिथं मधे आरसा, लेन्स तेवढी जवळ जाणारच कुठून.)

आता क्रमाने करूया. आधी लेन्सचा माउंट ओळखा. रेंजफाइंडरच्या लेन्सला मागे आटे असतील आणि व्यास ३९ मिमी असेल तर ती आटेवाली जुनी लायका पद्धतीची, एलटीएम किंवा एम३९ म्हणतात ती. ज्युपिटर-८, इंडस्टार-६१ (सोव्हिएत काळातल्या, आपण रशियन म्हणतो त्या), जुन्या कॅननच्या रेंजफाइंडर लेन्स या बहुतेक त्यातल्या. तिचं अंतर २८.८ मिमी, म्हणून १ मिमीची चकती चढवली की ती एम माउंटची होते. माझा सल्ला असा की एलटीएमचा वेगळा अडॅप्टर घेऊ नका, एम चा एकच चांगला घ्या आणि प्रत्येक आटेवाल्या लेन्सवर तिची चकती कायमची बसवून टाका, पुढे एम ची लेन्स आली तरी खर्च वाढत नाही. जवळ जाणारा, म्हणजे स्वतः पुढे सरकणारा अडॅप्टर मिळाला तर अजून छान, या लेन्स साधारण १ मीटरच्या आत फोकसच करत नाहीत आणि तर्री पोह्याच्या प्लेटचा फोटो १ मीटरवरून काय मजा देणार.

पहिली लेन्स ५० मिमीच घ्या. फिल्मच्या पुढे काच नसायची, पण डिजिटल सेन्सरच्या पुढे काचेचा थर असतो, सोनीत तो २ मिमीच्या आसपास, निकॉन झेड मध्ये त्याहून पातळ, लायकात आणखी पातळ. ज्या वाइड लेन्सचा मागचा भिंग फिल्मला जवळजवळ चिकटून असायचा तिचे किरण कोपऱ्यात फार तिरपे येतात, या काचेत वाकतात, मग कडा पुसल्यासारख्या होतात आणि कधी गुलाबी झाक येते. ५० आणि त्यावर हा त्रास जवळपास नाही. २८ किंवा २१ घ्यायचीच असेल तर एपर्चर, म्हणजे पात्यांमधलं भोक, लहान करून एफ ८ किंवा ११ वर वापरा आणि चेहरे कोपऱ्यात ठेवू नका. ज्युपिटर-१२ सारख्या ३५ मिमीचा मागचा भाग तर इतका बाहेर आलेला असतो की काही अडॅप्टरच्या आतल्या कड्याला घासतो, ती जोर लावून कधीच बसवू नका. आत ढकलून छोटी होणारी लेन्स असेल तर मिररलेसवर ती आत ढकलायचीच नाही, बाहेर ओढलेलीच ठेवायची.

विकत घेताना मोबाईलचा टॉर्च लावून, डायफ्राम (आतली पाती) पूर्ण उघडून, लेन्समधून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी, दुधाळ पडदा दिसला तर हेझ, कडेला इंद्रधनुष्यासारखा डाग असेल तर दोन भिंगांमधला चिकट थर सुटतोय. वरच्या दोन-चार बारीक ओरखड्यांना घाबरू नका. पात्यांवर तेल दिसलं तरी एसएलआरच्या लेन्सइतकं वाईट नाही, इथं पाती आपण हातानेच फिरवतो, झटकन बंद व्हायची नसतात, पण ते तेल उडून भिंगावर बसतं म्हणून भाव नक्की कमी करा. रशियन लेन्सच्या नंबराचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा बनवल्याचं वर्ष असतात, तेही वाचून घ्या.

मग कॅमेऱ्याची सेटिंग. अडॅप्टरमध्ये वायरिंग नसते, कॅमेऱ्याला वाटतं लेन्सच लागलेली नाही. सोनी-कॅननवाल्यांनी मेनूत जाऊन "लेन्सशिवाय शटर" चालू करायचं, निकॉनवाल्यांनी लेन्सची माहिती हाताने भरायची. मोड ए ठेवा, एपर्चर लेन्सवर तुम्ही फिरवा, शटर कॅमेरा ठरवेल. बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर ठेवायची सोय, असेल तर फोकल लेंथ (लेन्सचा मिमीचा आकडा) हाताने ५० टाका, आणि लेन्स बदलली की तीही बदला, हे विसरलं की फोटो हललेला येतो आणि कारण सापडत नाही. नागपूरच्या मे महिन्याच्या दुपारी आयएसओ १०० वर एफ २ ला शटर १/६४०० च्या घरात जातं, त्यामुळे ज्या बॉडीचं शटर १/४००० पर्यंतच आहे तिथं एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच) ठेवा, ज्युपिटर-८ आणि इंडस्टार-६१ ला ४०.५ मिमीचा बसतो.

आता अडॅप्टरची परीक्षा, ही घरी आल्या आल्या त्याच रात्री करा. गच्चीवर जा, लांबचा टॉवरचा लाल दिवा किंवा एखादा ठळक तारा धरा, एपर्चर पूर्ण उघडा, स्क्रीनवर मॅग्निफाय करा आणि रिंग अनंतावर (∞ खुणेवर) नेऊन टेकवा. दिवा सगळ्यात बारीक त्या टोकावर किंवा त्याच्या जरासं आधी झाला तर उत्तम. टोकावर पोचूनही बारीक होत नसेल तर अडॅप्टर जाड आहे, परत करा. टोकाच्या बऱ्याच आधी बारीक होऊन पुन्हा फुगत असेल तर अडॅप्टर पातळ आहे. स्वस्तातले बरेच अडॅप्टर मुद्दामच पातळ करतात म्हणजे अनंत तरी मिळावं. फोटो निघतात, पण लेन्सवर कोरलेले मीटरचे आकडे खोटे पडतात, ०.१ मिमी पातळ असला तर आकडा ५ म्हणतो तेव्हा खरा फोकस सव्वासहा मीटरवर असतो. अडॅप्टरचे स्क्रू काढून बैठकीखाली शिम (पातळ चकती) घालून हे सुधारता येतं, मी एकदा केलंय, दोन संध्याकाळी गेल्या पण आकडे जुळले.

आकड्यांचं एवढं का, तर गर्दीत तेच कामी येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा इतवारीत धक्काबुक्कीत मॅग्निफाय करायला वेळ कुठला. ५० मिमी, एफ ८, रिंग ५ मीटरवर, की साधारण ३.४ पासून ९.६ मीटरपर्यंत सगळं चालण्यासारखं स्पष्ट येतं, फक्त क्षण पकडायचा. मोठ्या मेगापिक्सेलच्या बॉडीवर जरा कडक हिशोब धरा. निवांत पोर्ट्रेटला मात्र मॅग्निफायच, फोकस पीकिंगवर, म्हणजे स्पष्ट कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर, विसंबू नका, जुनी लेन्स पूर्ण उघडी असताना कॉन्ट्रास्ट कमी असतो आणि पीकिंगचा लाल रंग डोळ्याऐवजी कानावर चमकतो. आणि ज्या एपर्चरवर फोटो घ्यायचा त्यावरच फोकस करा, सोनार (Sonnar) नावाच्या भिंगरचनेच्या लेन्सचा, म्हणजे ज्युपिटर-८ चाही, एपर्चर बंद करताना फोकस थोडा सरकतो. रशियन लेन्स लायकाच्या रेंजफाइंडरशी नीट जुळत नाहीत ही जुनी तक्रार इथं लागूच होत नाही, आपण लेन्समधूनच बघतोय ना. ऊन समोरून असेल तर हूड लावा, जुन्या कोटिंगला आपलं ऊन झेपत नाही.

शेवटची गोष्ट सांभाळायची, आणि नागपूरकरांचं इथंच चुकतं. आपला उन्हाळा कोरडा म्हणून बुरशी फक्त पावसाळ्यात, असं धरून चालतो. पण एप्रिलपासून खोलीत दिवसरात्र कूलर, ताट्या ओल्या, दारं लावलेली, त्या खोलीतली हवा जुलैसारखी दमट असते आणि लेन्स त्याच खोलीतल्या कपाटात. माझ्या एका लेन्सला बुरशी लागलेली मला मे महिन्यात दिसली. हवाबंद डबा, सिलिका जेल, आत छोटा हायग्रोमीटर, आकडा ४० ते ५० च्या मधे राहू द्या, आणि डबा कूलरच्या खोलीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीतही लेन्स ठेवायची नाही, ४५ डिग्रीत फोकसचं जुनं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर परतून घ्या, पुन्हा चालतात.