डोंगरी नदीवर जलविद्युत धरण आखायचं, तर सुरुवात भिंतीपासून करू नका

सांगलीच्या किंवा कराडच्या कॉलेजातून स्थापत्य शिकून पाटबंधारे खात्यात लागलेली मुलं-मुली माझ्याकडे येतात. “काका, प्रकल्प अहवालाला हात कुठून घालायचा?” असं विचारतात. बहुतेकांनी भिंतीचा छेद आधीच काढून आणलेला असतो. तो मी बाजूला ठेवायला लावतो. माझी सगळी नोकरी सातारा जिल्ह्यातल्या पाटण खोऱ्यात, कोयना नदीकाठी गेली, त्यावरून सांगतो: पाणी, कातळ आणि बुडितातली माणसं यांचा हिशेब लागल्याशिवाय भिंतीची उंची ठरवायची नसते.

आधी नकाशा घ्या आणि पाणी किती उंचीवरून पाडता येईल ते बघा. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या कड्याला समांतर दक्षिणेला येते. हेळवाकजवळ ती पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. ती कड्याच्या इतकी जवळून वाहते की डोंगर पोखरून बोगदा काढला, तर पाणी थेट कोकणात पोफळीला उतरतं. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांना अशी साधारण 475 मीटरची उंची मिळाली. एक टीएमसी (म्हणजे एक अब्ज घनफूट) पाणी एवढ्या उंचीवरून टर्बाइनवर सोडलं तर सव्वातीन कोटी युनिटच्या आसपास वीज होते. तेच पाणी धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वीजगृहातून, म्हणजे 60 मीटरवरून सोडलं तर चाळीस लाख युनिट. हे गणित हातानं करा: घनमीटर प्रतिसेकंद गुणिले मीटर गुणिले 9.81 गुणिले कार्यक्षमता, उत्तर किलोवॅटमध्ये येतं. म्हणून तर चारही टप्पे आणि पायथा वीजगृह मिळून कोयना 1,960 मेगावॅटपर्यंत गेली.

पण पश्चिमेला वळवलेलं पाणी कृष्णेत परत येत नाही. त्यावर खालच्या शेतकऱ्याचा आणि खालच्या राज्यांचाही हक्क असतो. राज्यांमध्ये कृष्णेच्या पाण्याची वाटणी ठरवणाऱ्या कृष्णा लवादानं कोयनेतून पश्चिमेला वळवायच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली, ती याचसाठी. तुमच्या नदीच्या पाण्याचा असा वाटा ठरलेला आहे का, हे पहिल्याच महिन्यात शोधा.

पाणी मोजताना शेजारच्या खोऱ्याचे आकडे उसने आणू नका. कोयना धरणाजवळच्या नवजाला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि याच जिल्ह्यात माण-खटावला पाचशेच्या आसपास. पाणलोटात पर्जन्यमापक बसवा, नदीवर पातळी मोजायची पट्टी लावा आणि भर पावसाळ्यात करंट मीटरनं वेग मोजा. विजेसाठी 90 टक्के विश्वासार्हतेचं वर्ष धरतात, म्हणजे दहातल्या नऊ वर्षांत निदान तेवढं पाणी येतंच असं. सांडवा (पुराचं जादा पाणी सोडायची वाट) मात्र मोठ्या धरणात संभाव्य कमाल पुरासाठीच करायचा, तिथे काटकसर नको.

आता कातळ. इथे घाई करणाऱ्याला मी सहीच देत नसे. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला आहे. वर काळा पाषाण टणक दिसतो, पण दोन थरांमध्ये लाल, मातकट पट्टा असतो. बोअरचे गाभे, म्हणजे पायाच्या जागी छिद्र पाडून काढलेले कातळाचे तुकडे, पेटीत लावलेले असतात, तिथे उकिडवे बसून प्रत्येक तुकडा हातात घ्या. लाल तुकडा ओला करून बोटांत चुरा. चुरला, तर त्याच थरावरून भिंत सरकू शकते आणि पाणीही झिरपू शकतं. पेटीतले लाकडी ठोकळे नीट वाचा. त्यावर खोली लिहिलेली असते. दीड मीटर खोदून साठ सेंटिमीटरच गाभा आला असेल, तर उरलेले नव्वद सेंटिमीटर काय होतं, हा खरा प्रश्न. नेमकी तिथली दाबाखालची पाणी-चाचणी मागा, म्हणजे छिद्रात दाबानं पाणी सोडून किती झिरपतं ते. दुरुस्ती ग्राउटिंगनं (भेगांत सिमेंट भरून) होईल की पाया आणखी खोल न्यावा लागेल, हे तिच्यावरून कळतं.

भूकंपाचा अभ्यास पुरवणीत टाकू नका. दख्खनचं पठार भूकंपाला स्थिर, असं समजून कोयनेच्या आराखड्यात फक्त 0.05 गुणांक, म्हणजे वजनाच्या पाच टक्के आडवा जोर, धरला होता. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे जमीन हादरली, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. 103 मीटर उंच भिंतीला आडव्या भेगा पडल्या, त्या मागच्या उताराचा कोन जिथे एकदम बदलतो तिथे. पुढे भिंतीला मागून भक्कम आधार देऊन ती मजबूत केली. यातून दोन कामं पक्की करा: छेदात असा अचानक मोड ठेवू नका, आणि पाणी साठवण्याआधी काही वर्षं भूकंपमापक बसवा. आधीची नोंद नसेल तर जलाशय भरल्यावर धक्के वाढले की नाही हे ठरवणार कशावरून?

बोगदे, सर्ज शाफ्ट (पाण्याचा अचानक वाढणारा दाब झेलणारी उभी विहीर), वीजगृह यांचं तंत्र पुस्तकात नीट मिळतं. फक्त एवढं लक्षात घ्या की पुढचा टप्पा लागणार असेल तर त्याच्या बोगद्यात पाणी घ्यायच्या तोंडाची जागा आजच राखा. कोयनेच्या चौथ्या टप्प्याला 13 मार्च 1999 रोजी भरल्या जलाशयाच्या तळातून स्फोट करून तोंड उघडावं लागलं. काम देखणं झालं, पण जोखमीचं.

बुडिताची पाहणी तलाठ्याच्या उताऱ्यावरून उरकू नका. सातबाऱ्यावर नाव नसलेली कुळं, धनगरवाड्यातली माणसं, सामायिक गायरान हे कागदात सापडत नाही. गावात मुक्काम करा, घरोघर यादी करा आणि ती चावडीवर वाचून दाखवा. कोयनेच्या वेळी राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, पहिला आला 1976 साली. तेव्हा उठवलेल्या माणसांच्या नातवंडांचे जमिनीचे अर्ज अजून फिरताना मी पाहिलेत. मला ते फार लागतं. “आधी पुनर्वसन, मग धरण” ही मागणी अहवालात वेळापत्रक म्हणून उतरवा: पर्यायी जमिनीचा ताबा, तिथलं पाणी, शाळा, रस्ता हे झाल्याशिवाय घळभरणीची (नदीपात्रातली शेवटची फट बुजवायची) तारीख टाकायची नाही.

आणि धरणाचे दरवाजे कधी उघडायचे, हे बांधकामाआधी लिहून ठेवा. कोयनेतून सोडलेलं पाणी कृष्णेतून सांगलीला पोचतं, तिथे आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. जुलै-ऑगस्टात जलाशयात किती जागा रिकामी ठेवायची, याचा पंधरवड्यागणिक तक्ता करा. तो खालच्या गावांच्या ग्रामपंचायतींना मराठीत द्या. रिकाम्या जागेमुळे जितकी वीज कमी होईल, तिची किंमत प्रकल्पाच्या खर्चातच धरा.