घरात पंधरा दिवसांचा शिधा, गोठ्यात उद्याची वैरण नाही

आर्द्रा नक्षत्र सरत आलं. कोल्हापूर-सांगलीकडच्या शिरोळ, करवीर, हातकणंगले, पलूस, मिरज या पट्ट्यातल्या नदीकाठच्या घरांनी पुराची तयारी याच आठवड्यात उरकावी. 2019 चा महापूर आश्लेषात आला, 2021 चा त्याच्या पंधरवडाभर आधी, म्हाताऱ्या पावसातच, म्हणजे पुष्य नक्षत्रात. तेव्हा ‘आश्लेषा लागू दे, मग बघू’ हा हिशोब आता सोडा.

माणसांची तयारी आपल्याकडे बरी असते. पीठ, डाळ, तेल, मेणबत्त्या माळ्यावर जातात. पण गोठ्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘वाडं रोज येतंय की!’ वाडं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. ते येतं कुठून, तर मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या रानातल्या उसातून. आणि पाणी सगळ्यात आधी मळीतच शिरतं. म्हणजे घराला पाणी लागायच्या दोन दिवस आधीच वैरण बंद. मग कुणीतरी गुडघाभर पाण्यात विळा घेऊन उतरतो. गावात बोट येते तेव्हा घरधनी म्हणतो, ‘जनावरं टाकून कुठं जाऊ?’ 2019 ला कित्येक घरं याच पायी अडकून बसली. गोठ्यात वैरण नसली की अख्खं घर उशिरा निघतं, म्हणून यादीत वैरण पहिली.

किती लागेल? शास्त्र सांगतं, जनावराला वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा चारा रोज लागतो. चारशे किलोच्या म्हशीला 10 ते 12 किलो. पुरात एवढं जमत नाही. निम्म्यावर जनावर तगतं. दूध आटेल, आटू दे. मोठ्या जनावरामागे रोज 6 किलो धरून दहा दिवसांचे 60 किलो, चार जनावरांना 240 किलो. कडबा, पिंजर (भाताचा पेंढा), सोयाबीनचं भुसकट, गव्हाचा भुसा, जे असेल ते चालेल, पण कोरडं हवं.

ठेवायचं कुठं, इथंच बहुतेक जण चुकतात. परड्यात (घरामागच्या मोकळ्या जागेत) जमिनीवर गंज रचतात, वर ताडपत्री ओढतात आणि निर्धास्त होतात. पाऊस वरून अडतो, ओल खालून चढते. श्रावणात अशी गंज उपसून बघा: खालचे दोन थर काळे पडलेले, हात घातला तर गरम, पेंढी झटकली की पांढरी धूळ उडते. म्हैस एकदा हुंगते आणि तोंड फिरवते. उपाशी असेल तर खाते, मग पोट बिघडतं, गाभण असेल तर गाभही जातो. गंज दगड-फळ्यांवर दीड-दोन फूट उचलून रचा, भिंतीपासून हातभर लांब. आणि यातला किमान निम्मा साठा गावाच्या उंच भागात, पाहुण्यांच्या किंवा ओळखीच्या परड्यात आत्ताच नेऊन टाका. पाणी आल्यावर ट्रॅक्टरला डिझेल मिळत नाही, मिळालं तर रस्ता नसतो. रचताना थराथरात मूठभर जाडं मीठ भुरभुरवलं तर बुरशी कमी धरते, असा जुन्या लोकांचा अनुभव. माझाही विश्वास त्यावर आहे.

पिंजर निकस वाटत असेल तर युरिया प्रक्रिया करा: 100 किलो पिंजराला 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थर लावत शिंपडायचा, दाबून हवाबंद 21 दिवस झाकायचं. सहा महिन्यांखालच्या वासरांना हे द्यायचं नाही, आणि युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागू द्यायचं नाही. मुरघासाला, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याला, 45 दिवस लागतात. ज्यांनी अजून भरला नाही त्यांनी या पुरापुरता तो नाद सोडावा.

दुकानात सध्या ‘पूर स्पेशल’ पावडरी दिसतील. ‘बुरशीची वैरण असू दे, हे बाइंडर (बुरशीचं विष बांधणारी पावडर) टाका, काही होत नाही’ असं छातीठोक सांगतात. ऐकू नका. काळी पडलेली वैरण उकिरड्यावर टाका. त्याच पैशात भुसा घ्या.

बाकीची कामं, झटपट:

- जनावरांना घटसर्प, फऱ्या या रोगांची लस. सरकारी दवाखान्यातून, आजच. अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात.
- कानातला बारा अंकी बिल्ला आणि जनावराचा फोटो मोबाईलात.
- साखळी काढून दोरीचं दावं, ओढताच सुटेल अशी गाठ. विळा दाराशी.
- नदीवरच्या पाण्याच्या मोटारी, स्टार्टर वर आणून ठेवा. पाणी चढल्यावर त्यांच्यासाठी उतरायचं नाही.
- हरभरा, शाळूचं बियाणं माळ्यावर. पोत्यावर वाण आणि वर्ष लिहून.
- सातबारा, पासबुक, आधार, रेशनकार्ड दुहेरी प्लास्टिकमध्ये.
- बॅटरी, काडेपेटी, रोजच्या गोळ्या, भरलेला गॅस.
- जुलाबावर: लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, 6 चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

पिण्याच्या पाण्याला हजार लिटरला 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), अर्धा तास थांबून वापरा. पावडर ताजी हवी. उघड्या पिशवीतली नुसती पांढरी माती. ग्रामपंचायतीत मागा. जनावराला रोज 40 ते 50 लिटर पाणी लागतं, तेव्हा एक टाकी वरच्या ठिकाणीही भरून ठेवा.

निघायचं कधी? पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका 43. कृष्णेला सांगलीत आयर्विन पुलापाशी 40 आणि 45. लोक धोक्याची वाट बघतात. जनावरं इशाऱ्यालाच हलवा, उजेडात. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे कुणाला विचारून उघडत नाहीत. आणि नृसिंहवाडीच्या, म्हणजे कृष्णा-पंचगंगा संगमाच्या, वरच्या गावांनी एक ध्यानात ठेवावं: कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा मागं येतो. पाऊस उघडला, ऊन पडलं, तरी पाणी चढतं.

पूर ओसरल्यावर चारेक दिवस साठवलेलीच वैरण घाला. गाळ बसलेलं गवत धुऊन, सुकवून मगच. कडवळाचा (चाऱ्याच्या ज्वारीचा) कोवळा फुटवा मात्र धुऊनही नाही. त्यानं जनावर तासाभरात आडवं होतं.